विश्लेषण : एच-१बी ते ग्रीन कार्ड... भारतीयांची रांग पुढे का सरकत नाही?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे ‘व्हिसा बुलेटिन’ दर महिन्याला प्रसिद्ध होते. त्यात एक छोटा तक्ता असतो आणि तक्त्यात फक्त तारखा असतात. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये ‘ईबी-२’ या वर्गातील भारतीयांसमोर १ एप्रिल २०१३ ही तारीख होती. म्हणजे ज्यांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया कंपनीने या तारखेच्या आधी सुरू केली होती, त्यांचाच नंबर साडेबारा वर्षांनंतर लागत होता. एप्रिल २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर अजून कसोटी खेळत होता. त्या वर्षी जन्मलेले मूल आता सातवीत गेले आहे. नोकरी आहे, पगार आहे, कर वेळेवर भरला जातो, सगळी कागदपत्रे वैध आहेत, तरीही नंबर लागत नाही. असे का होते? एवढी वर्षे हे कर्मचारी कशाच्या आधारावर तिथे राहतात? आणि आज अर्ज करणाऱ्याने काय गृहीत धरायला हवे?

एच-१बी आणि ग्रीन कार्ड यांत फरक काय?

एच-१बी हा पदवीची गरज असलेल्या विशेष कौशल्याच्या नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा आहे. दरवर्षी असे ६५ हजार नवे व्हिसा आणि अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येत असल्याने सोडत काढली जाते. व्हिसाची मुदत तीन वर्षांची असते आणि ती आणखी तीन वर्षे वाढवता येते. एकूण सहा वर्षे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात.

हा व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली, तर नवी कंपनी शोधण्यासाठी किंवा अन्य मार्ग काढण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात काही जमले नाही तर देश सोडावा लागतो. ग्रीन कार्ड म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना. तो मिळाला की नोकरी बदलता येते, स्वतःची कंपनी काढता येते, काही महिने घरी बसावे लागले तरी देशातून बाहेर पडावे लागत नाही. सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्जही करता येतो.

एच-१बीधारकाला ‘मला इथेच स्थायिक व्हायचे आहे’ हे लपवावे लागत नाही. तात्पुरत्या व्हिसावर असताना कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. म्हणूनच बहुतेकांचा प्रवास शिक्षण, एच-१बी आणि मग ग्रीन कार्ड असा ठरलेला असतो.

अर्जाचे टप्पे कोणते?

पहिले तीन शब्द लक्षात ठेवावे लागतात : ‘पर्म’, ‘आय-१४०’ आणि ‘आय-४८५’.

‘पर्म’ हा श्रम खात्याकडचा टप्पा. या पदासाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकी कर्मचारी मिळत नाही, हे कंपनीने सिद्ध करायचे असते. त्याआधी त्या पदाचे त्या भागातील प्रचलित वेतन खात्याकडून ठरवून घ्यावे लागते. मग पदाची जाहिरात द्यावी लागते. यात राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवसांची नोंद आणि वृत्तपत्राच्या दोन रविवारच्या अंकांतील जाहिराती येतात. ऑनलाइन भरतीच्या काळातही ही रविवारची अट कायम आहे. ‘पर्म’चा खर्च कंपनीनेच करायचा, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नाही, असा नियम आहे. एकट्या या टप्प्यालाच वर्षभराहून अधिक काळ लागतो.

ज्या दिवशी ‘पर्म’चा अर्ज दाखल होतो, तो दिवस म्हणजे अर्जदाराची प्राधान्य तारीख, अर्थात ‘प्रायॉरिटी डेट’. रांगेतील जागा हीच. अमेरिकेत पाऊल कधी ठेवले, किती वर्षे काम केले, किती कर भरला, याचा या जागेशी संबंध नाही. कंपनीने प्रक्रिया दोन वर्षे उशिरा सुरू केली, तर रांगेतील दोन वर्षे गेली.

दुसऱ्या टप्प्यात कंपनी नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे ‘यूएससीआयएस’कडे, ‘आय-१४०’ अर्ज करते. पदाला पदव्युत्तर पदवी किंवा पदवी व पाच वर्षांचा अनुभव लागत असेल तर ‘ईबी-२’, नुसती पदवी पुरत असेल तर ‘ईबी-३’, असे वर्ग ठरतात. शेवटचा टप्पा ‘आय-४८५’चा. हा अर्ज कर्मचारी स्वतः करतो आणि प्राधान्य तारीख आल्याशिवाय तो करता येत नाही. भारतीयांचे घोडे इथेच अडते.

रांग भारतीयांसाठीच एवढी लांब का?

उत्तर १९९० च्या स्थलांतर कायद्यात आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या या कायद्याने वर्षाला १ लाख ४० हजार ठरवली. त्यातील २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार कार्डे ‘ईबी-२’ वर्गाला मिळतात. तेवढीच ‘ईबी-१’ आणि ‘ईबी-३’ला. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा देता येत नाही. ४० हजारांचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००. भारताची लोकसंख्या १४० कोटींहून अधिक असो की आइसलँडची काही लाख, वाट्याची कमाल मर्यादा एकच.

त्यातही ही सगळी कार्डे कर्मचाऱ्यांना जात नाहीत. पती किंवा पत्नी आणि मुले यांचीही मोजणी याच आकड्यात होते. त्यामुळे जवळपास निम्मी कार्डे कुटुंबीयांना जातात. इतर देशांची मागणी कमी असेल तर उरलेली कार्डे सर्वात जुन्या तारखेच्या अर्जदारांना, म्हणजे बहुतांशी भारतीयांना मिळतात. काही वर्षी तारीख झपाट्याने पुढे गेलेली दिसते ती यामुळे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीयांसाठी ‘ईबी-२’ची तारीख एप्रिल २०१३ ची होती, तेव्हा बहुतांश देशांसाठी ती १ डिसेंबर २०२३ ची होती. एकाच कंपनीत, एकाच पदावर, एकाच पगारावर काम करणाऱ्या दोघांमध्ये दहा वर्षांचे अंतर पडते, ते केवळ जन्मस्थळामुळे.

इथे नागरिकत्व नव्हे, जन्माचा देश मोजला जातो, हेही महत्त्वाचे. मराठी आईवडिलांच्या पोटी दुबईत किंवा मस्कतमध्ये जन्मलेला अभियंता भारतीय पासपोर्टवर असला, तरी तो भारताच्या रांगेत नसतो. उलट पुण्यात जन्मून पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतलेली व्यक्ती मात्र भारताच्याच रांगेत राहते. पती-पत्नीपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो.

‘केटो इन्स्टिट्यूट’ या अभ्यास संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या रांगेत सुमारे १८ लाख जण होते आणि त्यातील सुमारे ११ लाख भारतीय. नव्याने रांगेत येणाऱ्या भारतीयाला सध्याच्या वेगाने १३४ वर्षे लागतील, असा या संस्थेचा हिशेब होता. अर्थात एवढी वर्षे कोणी थांबू शकत नाही. या आकड्याचा सरळ अर्थ असा की, नव्या अर्जदारांपैकी अनेकांचा नंबर त्यांच्या हयातीत लागणार नाही.

तारीख मागे कशी काय जाते?

रांगेत पुढे सरकलेला माणूस पुन्हा मागे ढकलला जातो, ही या व्यवस्थेची सर्वात जाचक बाजू. करोनाकाळात कुटुंबाधारित ग्रीन कार्डे मोठ्या प्रमाणात न वापरता राहिली आणि ती पुढील वर्षी नोकरीच्या वर्गांकडे वळली. आर्थिक वर्ष २०२१ मध्ये एकूण संख्या २ लाख ६२ हजारांच्या घरात गेली. पण अर्ज वेळेत निकाली निघाले नाहीत आणि ६० हजारांहून अधिक कार्डे वाया गेली. पुढच्या वर्षी भारतीयांची ‘ईबी-२’ तारीख धावत सुटली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली. लगेच ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर आणि २०२३ च्या मध्यापर्यंत १ जानेवारी २०११ वर आली. २०१३ ची तारीख असलेल्या ज्या कुटुंबाची फाइल २०२२ मध्ये हातावेगळी झाली नाही, त्याला पुन्हा तीन वर्षे थांबावे लागले.

या तारखेच्या खेळाला जुना इतिहास आहे. जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये जवळपास सगळे वर्ग एकदम खुले झाले. हजारो जणांनी वकील गाठले, वैद्यकीय तपासण्या केल्या, काहींनी प्रवास रद्द केले. २ जुलैला हा निर्णय अचानक मागे घेण्यात आला. तेव्हा भारतीय अर्जदारांनी निषेधाचा मार्ग निवडला तो ‘लगे रहो मुन्नाभाई’मधला. त्यांनी ‘यूएससीआयएस’च्या तत्कालीन संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवण्यात आली. ही गांधीगिरी बातम्यांत गाजली आणि १७ जुलैला प्रशासनाने अर्ज स्वीकारण्याचे जाहीर केले.

ऑक्टोबर २०२० मध्ये वेगळाच प्रकार घडला. ‘ईबी-३’साठी अर्ज दाखल करण्याची तारीख ‘ईबी-२’च्या साडेतीन वर्षे पुढे गेली. त्यामुळे वरच्या वर्गातील असंख्य भारतीयांनी स्वतःहून खालच्या वर्गात नवा अर्ज टाकला. जास्त पात्रता असलेल्याने कमी पात्रतेच्या रांगेत उभे राहायचे, अशी ही कसरत होती.

सहा वर्षे संपल्यावर काय?

२००० साली झालेल्या एका कायद्याने यातून वाट काढली. ‘आय-१४०’ मंजूर असेल आणि केवळ नंबर आला नाही म्हणून ग्रीन कार्ड अडले असेल, तर एच-१बीला तीन-तीन वर्षांची मुदतवाढ कितीही वेळा मिळते. आज १५ वर्षे एच-१बीवर असलेली कुटुंबे दिसतात ती या तरतुदीमुळे. रांगेत उभे राहण्याची सोय झाली; रांग मात्र लहान झाली नाही.

नोकरी बदलता येते का? येते, पण किंमत मोजून. नव्या कंपनीला ‘पर्म’ आणि ‘आय-१४०’ पुन्हा करावे लागते. मात्र जुन्या मंजूर ‘आय-१४०’ची प्राधान्य तारीख सोबत नेता येते. मंजुरीला १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी मुदतवाढीचा आधार जात नाही. तारीख येऊन ‘आय-४८५’ दाखल झाला आणि तो १८० दिवस प्रलंबित राहिला, तर त्याच स्वरूपाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येते. म्हणून अनुभवी अर्जदारांचे लक्ष अंतिम तारखेइतकेच अर्ज दाखल करण्याच्या तारखेकडे असते.

खरा फटका बसतो तो ‘आय-१४०’ मंजूर होण्याआधी नोकरी गेलेल्यांना. कंपनीने कर्मचारी कपात केली की त्याच प्रकारच्या पदांसाठी ‘पर्म’ करताना, काढलेल्या कर्मचाऱ्यांचा सहा महिने आधी विचार करावा लागतो. त्यामुळे २०२३ च्या कपातीनंतर काही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी ‘पर्म’ची कामेच थांबवली. ज्यांची नोकरी टिकली, त्यांचीही रांगेतील जागा लांबणीवर पडली.

जोडीदार आणि मुलांचे काय?

एच-१बीधारकाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर काम करता येत नव्हते. २०१५ पासून, मुख्य अर्जदाराचा ‘आय-१४०’ मंजूर असल्यास जोडीदाराला कामाचा परवाना मिळू लागला. त्याचा लाभ प्रामुख्याने उच्चशिक्षित भारतीय महिलांना झाला. या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांसाठी ती बंद झाली. त्यामुळे नूतनीकरण रखडले, तर हातातली नोकरी थांबवून घरी बसावे लागते.

मुलांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २१ वर्षे पूर्ण झाली की मूल ‘अवलंबित’ राहत नाही. अमेरिकेत बालवाडीपासून शिकलेल्या मुलाला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा काढावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिला. तारीख येते त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून ‘आय-१४०’ जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा होतात.

उदाहरणार्थ, ‘आय-१४०’ मंजूर व्हायला आठ महिने लागले आणि तारीख आली तेव्हा मुलीचे वय २१ वर्षे ५ महिने आहे. हिशेबाचे वय २० वर्षे ९ महिने होते आणि ती पालकांसोबत राहते. तारीख आणखी सात महिन्यांनी आली असती, तर वय २१ वर्षे ४ महिने भरले असते आणि ती रांगेबाहेर गेली असती.

२०२३ पासून हे वय मोजताना लवकर येणारी, म्हणजे अर्ज दाखल करण्याची तारीख धरली जात होती. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा अंतिम तारीख लागू झाली. कागदावर हा एका तक्त्याऐवजी दुसरा तक्ता वापरण्याचा बदल आहे. वीस वर्षांची मुले असलेल्या घरांत मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो.

२०२५ मध्ये आणखी काय बदलले?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. ते २१ सप्टेंबरपासून लागू झाले. सुरुवातीच्या गोंधळात भारतात सुटीवर आलेले अनेक जण मिळेल त्या विमानाने परत निघाले. नंतर स्पष्टीकरण आले की, आधीच व्हिसा असलेल्यांना आणि अमेरिकेत राहून मुदतवाढ घेणाऱ्यांना हे शुल्क नाही. भारतातून थेट अमेरिकेत नोकरीला जाण्याचा मार्ग मात्र त्यामुळे अरुंद झाला.

त्याच दिवशी ‘गोल्ड कार्ड’चीही घोषणा झाली. अमेरिकी सरकारला १० लाख डॉलर देणाऱ्याला कायमचे वास्तव्य, अशी ही योजना. त्यासाठी वेगळी संख्या ठेवलेली नाही. ही कार्डे ‘ईबी-१’ आणि ‘ईबी-२’ या वर्गांतूनच द्यायची आहेत. म्हणजे वाटा तोच आणि वाटेकरी वाढले.

डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यम खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातील वकिलातींमधील अनेक मुलाखती काही महिने पुढे गेल्या. लग्न किंवा आईवडिलांचे आजारपण यासाठी आलेले काही जण इथेच अडकून पडले. घरी येण्याचा निर्णयही त्यामुळे जोखमीचा झाला आहे.

कायदा का बदलत नाही?

प्रयत्न झाले. देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपली आवृत्ती एकमताने मंजूर केली. पण दोन्ही आवृत्त्यांचा मेळ बसला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये सभागृहाची मुदत संपली. विधेयक बारगळले.

विरोधकांचा मुद्दा अगदीच फोल नाही. एकूण संख्या न वाढवता केवळ देशनिहाय मर्यादा काढली, तर काही वर्षे बहुतेक कार्डे भारतीयांना जातील आणि आज पटकन नंबर लागणाऱ्या देशांतील परिचारिका, संशोधक, अभियंते यांची रांग लांबेल. एकूण संख्या वाढवायची, तर स्थलांतराच्या राजकारणात ती कोणत्याच पक्षाला सोपी नाही. शिवाय रांगेतल्यांना मतदानाचा अधिकार नाही. त्यामुळे १९९० चा आकडा आजही तोच आहे.

मग अर्जदाराच्या हातात काय?

पहिले म्हणजे, नोकरी स्वीकारतानाच कंपनी ‘पर्म’ कधी सुरू करते हे विचारणे. पगारातील थोड्या वाढीपेक्षा एक वर्ष आधीची तारीख अनेकदा मोलाची ठरते. दुसरे, ‘आय-१४०’च्या मंजुरीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवणे. अर्ज कंपनीचा असल्याने कागद कंपनीकडे राहतो. प्राधान्य तारखेचा पुरावा मात्र पुढच्या नोकरीतही लागतो.

तिसरे, पर्यायी मार्गांबाबतचे गैरसमज दूर करणे. ‘राष्ट्रीय हिताच्या’ आधारे स्वतःच अर्ज करण्याच्या मार्गात कंपनी आणि ‘पर्म’ लागत नाही. पण वर्ग ‘ईबी-२’च असल्याने रांग तीच राहते. असामान्य गुणवत्ता किंवा बहुराष्ट्रीय कंपनीतील व्यवस्थापकांसाठीचा ‘ईबी-१’ वर्ग तुलनेने वेगवान आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे भारतीयांसाठी फेब्रुवारी २०२२ ची तारीख होती. त्याचे निकष मात्र कडक आहेत.

चौथे काम महाराष्ट्रातील घरच्यांच्या मदतीचे आहे. ‘आय-४८५’सोबत जन्माचा दाखला लागतो. अनेक जुन्या दाखल्यांवर बाळाचे नावच नसते, कारण जन्माची नोंद बारशाआधी झालेली असते. कुठे आईचे माहेरचे नाव लागलेले असते. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून ही दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागतो आणि बुलेटिनची तारीख एकदा आली की तेवढा वेळ हातात नसतो.

दुसऱ्या देशाचा पर्यायही अनेक जण खुला ठेवतात. कॅनडाची ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ पद्धत वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांच्या गुणांवर चालते. त्यात जन्मदेशाचा कोटा नाही. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतील एच-१बीधारकांसाठी १० हजार परवान्यांची खास योजना आणली, तेव्हा ती दोन दिवसांत भरली.

आज तिशीच्या आत असलेल्या आणि अमेरिकेला निघालेल्या अभियंत्याने म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. तिथे काम करता येईल का, हा एक. तिथे कायमचे राहता येईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कौशल्यावर आणि आता बऱ्याच अंशी कंपनीच्या खर्च करण्याच्या तयारीवर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर आजच्या कायद्यात बहुतेकांसाठी ‘नाही’ असे आहे. घर घेणे, मुलांचे शिक्षण, आईवडिलांची जबाबदारी हे निर्णय त्या उत्तरावर ठरतात आणि ते ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबत नाहीत.